ताईची किडनी, माझं मांजर

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही डॉक्टरीणबाईंनी घ्यायला लावली. रोजचा ताप, रक्तदाब आणि पाणी किती प्यायले, एवढंच लिहायचं. ते मी पुढून लिहिते. वही उलटी धरून मागून लिहिते ते माझं. इथे कुणी नाक खुपसायचं नाही. ताईने तर नाहीच.

आज मखमलीचा एक मोठा सोफा दुरुस्तीला आला. कापड विरलेलं, एका बाजूची स्प्रिंग खचलेली. मालक म्हणाला, "काही घाई नाही." असं म्हणणारी गिऱ्हाइकं तिसऱ्या दिवशी फोन करतात. दुपारी सोफा पालथा घातला, खालचं अस्तर उसवलं, तर आतून कुरकुर. वाटलं, स्प्रिंग असेल. मग स्प्रिंग शिंकली.

फोम आणि काथ्याच्या मधे मांजराचं पिल्लू होतं. मुठीत मावेल एवढं, राखाडी, अंगभर पिसवा. मालकाला फोन केला. "मांजर आमचं नाही हो," तो म्हणाला. "सोफ्यात सापडलं ना? मग सोफेवालीचं." आणि स्वतःच हसला.

हसायला काय जातं त्याचं? मागच्या वर्षी ताईने तिची एक किडनी मला दिली. माझ्या शरीराने ती परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी मी ज्या गोळ्या घेते, त्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना गुंगी देतात. चोर घरात शिरला तरी कुणी ओरडायचं नाही. म्हणून मला नियम. कच्चं खायचं नाही, कुंडीतल्या मातीला हात लावायचा नाही, गर्दीत जायचं नाही, पाळीव प्राण्यांपासून लांब राहायचं. शेवटचा नियम ऐकून मी हसले होते. माझ्याकडे पाळलेलं असं एक शिवणयंत्रच काय ते आहे.

पिल्लाला दुकानातच खोक्यात घालून दूध दिलं. माझं घर मागच्याच खोलीत. उद्या कुणाला तरी देऊन टाकते.

५ फेब्रुवारी

दिलं नाही.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घरी सासूबाई आहेत, आणखी एक नखंवालं नको. समोरच्या प्रेसवाल्याने हात जोडले. कुणी घेईना, हे एक कारण झालं.

दुसरं खरं कारण असं, की काल मी जमिनीवर बसून सोफ्याचे जुने खिळे उपटत होते, तेव्हा ते येऊन मांडीवर चढलं आणि झोपलं. विचारलं नाही, हात धुतले नाहीत, तोंडाला फडकं बांधलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या अंगाला येऊन टेकलेला हा पहिला जीव. माणसं लांबून हात हलवतात. भाची भेटायला आली की दारातच उभी राहते, आणि निघतानाही दारातूनच "सांभाळ हं" सांगून जाते. त्यांचं चुकत नाही. मीच सगळ्यांना तसं शिकवलंय.

मी खिळे उपटायचे थांबले आणि तशीच बसून राहिले. पाय बधिर झाला.

बोका आहे. नाव मुकादम ठेवलं. कारण कामाच्या मधोमध बसतो, सगळ्यावर नजर ठेवतो आणि स्वतः काडीचं काम करत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ताईला कळलं.

ताई गाडी शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते आणि तिच्या पायाशी तिचा वेगळा ब्रेक असतो. इतकी वर्षं तो दाबून दाबून आता घरात बोलतानाही, समोरचा चुकतोय असं वाटलं की तिचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. आज दुकानात आली आणि दारातच पाय दाबला गेला.

"हे काय आहे?"

"मांजर."

"मला दिसतंय मांजर आहे. इथे काय करतंय?"

"मुकादमी."

तिला हसू आलं नाही. म्हणाली, "माझी किडनी पोटात घेऊन फिरतेस आणि मांडीवर जंतू घेऊन बसतेस?"

"तुझी होती. आता ती माझं रक्त गाळते, तर माझी झाली."

"मी ती तुला जगायला दिली."

"मग जगू दे ना, ताई."

तिने माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. "मी हिची चौकशी करायला येते, तुझी नाही, समजलं? तो जंतू इथे आहे तोवर मी या दुकानात पाऊल टाकणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

गेली. माझ्या गोळ्यांची वेळ तेवढी जाता जाता विचारून गेली.

मला राग याचा येतो की सगळ्यांना माझी किडनी जगायला हवी आहे. मी जगते आहे का, हे कुणी विचारत नाही. डायलिसिसच्या दिवसांत खुर्चीला जखडून मशीनकडे बघत बसायची तेव्हा मी ठरवलं होतं, इथून सुटले तर कुणाच्या परवानगीने श्वास घेणार नाही. आता सुटले, तर जिकडेतिकडे परवानग्या. मुकादम राहणार. ताईच्या नाकावर टिच्चून राहणार.

१३ फेब्रुवारी

स्टेपल मारायची बंदूक चालवली, मुकादम घाबरून खांद्यावरून उडी मारून गेला. जाताना हातावर लांब ओरखडा. फडक्याने पुसला आणि कामाला लागले. सोफ्यातल्या खिळ्यांनी रोज याहून मोठे ओरखडे पडतात.

दुकानाच्या दाराला बाहेरून एक पिशवी अडकवलेली होती. आत रबरी हातमोजे आणि पिसवा मारायचं औषध. न बोलता टोमणा मारायचा असेल तर ताईकडून शिकावा. पिशवी तशीच कपाटात टाकली.

सोफेवाल्याचा फोन आला. "घाई नाही, पण कधी होईल?"

२१ फेब्रुवारी

ओरखड्याच्या टोकाला लालसर पुळी आली होती, ती आता सुकली. बघा, काही होत नाही. ताईला सांगायला हवं होतं, पण बोलणं बंद आहे.

ती आत येत नाही, पण तिची शिकवणीची गाडी दुकानावरून सारखी जाते. आज शिकणाऱ्या मुलीने नेमकी माझ्या दारासमोर गाडी बंद पाडली, आणि ती चालू करेपर्यंत ताई काचेतून आत बघत होती. गाव एवढं मोठं, पण तिच्या सगळ्या शिकाऊंना याच रस्त्यावर गाडी वळवायला शिकायचं असतं. मी तिला दिसेल असं मुकादमाला उचलून खांद्यावर घेतलं.

२६ फेब्रुवारी

अंग मोडून आलंय. संध्याकाळी ताप शंभरावर. वहीच्या पुढल्या बाजूला, डॉक्टरीणबाईंसाठी, अठ्ठ्याण्णव लिहिलं. कापड ताणायचं काम खांद्याचं असतं, अंग दुखणारच.

अंघोळ करताना डाव्या काखेत गाठ लागली. मोठ्या बोराएवढी. दाबली की कळ येते. मखमल ताणताना कुठेतरी लचकलं असणार.

मुकादम आज जवळ येऊन नुसता बसला. मी तापलेली होते म्हणून असेल, मांजरांना ऊब आवडते.

१ मार्च, रविवार

गाठ लिंबाएवढी झाली आहे. हात खाली घेता येत नाही. सोफा झाला, फक्त एक बाजू राहिली, पण टाका दोन वेळा चुकला.

ताईचा फोन आला. मी "बरी आहे" एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, "तोंडात खिळे आहेत." तिने फोन ठेवला आणि आली. दुकानात पाऊल टाकणार नव्हती ती सरळ आत येऊन माझ्या कपाळाला हात लावून उभी राहिली. हात गार लागला.

"चल."

"उद्या जाऊ. सोफा..."

"सोफ्याला काही होत नाही. चल."

मी कुलूप लावायला लागले तर म्हणाली, "त्याच्यापुढे पाणी ठेवलंस का?" हे ती कशाला विचारते, मला कळलं नाही. एवढ्या घाईत.

२ मार्च, सोमवार. रुग्णालय

काल तपासणी झाली तेव्हा ताई गाडी लावायला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली, मग विचारलं, "घरी मांजर, कुत्रा, पक्षी काही आहे? कुठे ओरखडा, चावा?"

"नाही," मी म्हटलं.

असं एका दमात निघून गेलं. हो म्हटलं असतं तर पहिलं वाक्य मला ठाऊक होतं, मांजर काढा. आणि दुसरं ताईचं असतं, मी सांगत होते ना. हात दाखवून अवलक्षण कशाला? बाहीही खाली ओढून घेतली.

आज त्या आम्हा दोघींसमोर बोलल्या. अशा गोळ्या घेणाऱ्यांना अशा गाठी येतात त्या क्षयाच्या असू शकतात, किंवा एका जातीच्या कर्करोगाच्या. गाठीतला तुकडा काढून तपासायचा. तोवर त्या गोळ्या कमी कराव्या लागतील, म्हणजे शरीराचे पहारेकरी जागे होतील.

"आणि मग किडनी?" ताईने विचारलं.

"धोका आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क्रिएटिनिन आधीच वाढलंय." म्हणजे रक्तातला तो आकडा, जो वाढला की किडनी कुरकुरते आहे असं समजायचं.

ताईने खाली पाहिलं. तिचा पाय फरशीवर दाबलेला होता, आणि ती तो उचलत नव्हती.

३ मार्च

सकाळी तुकडा काढायचं ठरलं होतं. ताई बाजूच्या लोखंडी स्टुलावर बसली होती. मी म्हटलं, "बोल आता. ऐकव. तुझी किडनी मी वाया घालवली म्हण."

ती म्हणाली, "मला आणखी एक असती ना, तर मी तुला एका शब्दाने बोलले नसते. दहा मांजरं पाळ म्हटलं असतं."

मग उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. पाठ हलत होती. ताई रडताना मी पाहिलेली नाही. आई गेली तेव्हाही ती नातेवाइकांच्या गाड्या कुठे लावायच्या ते बघत होती.

मला इतके दिवस वाटत होतं की ती दिलेल्या वस्तूवर हक्क सांगते आहे.

मी घंटा दाबली. नर्स आली. तिला म्हटलं, "डॉक्टरांना बोलवा. मी परवा खोटं बोलले."

डॉक्टरीणबाई आल्या. मी बाही वर केली. ओरखड्याची पांढरी रेघ आणि टोकाला पुळीचा डाग अजून होता. पिल्लू, पिसवा, सोफा, सगळं सांगितलं. वहीत ताप खोटा लिहिला हेही सांगितलं.

त्यांनी डाग बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्या पेशंटवर मी उपचार करू शकते. पण अंदाजाने करते. अंदाज चुकला तर तुमची किडनी जाते. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," मी म्हटलं. "पण मांजर काढा म्हणाल म्हणून बोलले नाही. आणि अजूनही काढणार नाही."

ताई खिडकीपासून वळली. मला वाटलं, आता ओरडेल. तिने पुढे येऊन माझी घसरलेली बाही वर दुमडली.

गोळ्या कमी करायचं थांबवलं. तुकडा काढला, पण आता तो आणखी एका तपासणीलाही जाणार आहे.

७ मार्च, शनिवार

कर्करोग नाही. क्षय नाही. मांजराच्या ओरखड्यातून होणारा आजार आहे. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. जंतू पिसवांमधून मांजरात येतात, पिल्लांत जास्त. पिसवांची घाण नखांत अडकते आणि ओरखड्यातून माणसात उतरते. धडधाकट माणसाला एखादी गाठ येऊन बहुतेक वेळा आपोआप बरं वाटतं. माझ्यासारखीला तो यकृतापर्यंत, हृदयापर्यंत जाऊ शकतो. बरेच आठवडे औषध घ्यायचं आहे. ताप कालपासून उतरलाय.

म्हणजे मुळात पिसवा. पिसवांचं औषध कपाटात पिशवीत तसंच पडलंय. हे मी ताईला सांगणार नाही. मेले तरी सांगणार नाही.

शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "मांजरापायी एवढं? सोडून दे बाई कुठेतरी." मी म्हटलं, "आजी, तुमचा नातू तुम्हाला सर्दी देतो, त्याला सोडता का?" त्या म्हणाल्या, "विचार बरेचदा येतो."

काल विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "दुकानाचं मी बघते आहे." मुकादमाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. किल्ली तिच्याकडे आहे, गाडी तिच्याकडे आहे, आणि तिच्या मनात आलेलं तिने केलं नाही असं मी आजवर पाहिलेलं नाही. घरी जाऊन मोकळं खोकं बघायची तयारी करते आहे. पण त्यानंतर मी तिच्याशी काय बोलेन, याचीही तयारी केली आहे.

११ मार्च, बुधवार. घरी

ताईने दुकान उघडलं. मी पाठ केलेलं सगळं भाषण तोंडात घेऊन आत गेले.

मुकादम नव्या सोफ्याच्या मधोमध झोपला होता. धुतलेला, विंचरलेला, जरा जाडसुद्धा. नखांची टोकं कापलेली. मखमल खराब होऊ नये म्हणून त्याच्याखाली जुनी चादर घातलेली होती. कोपऱ्यात त्याची घाणीची थाळी, तिच्यावर झाकण, बाजूला लांब दांड्याचं फावडं.

ताईच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते, काहींवर पट्ट्या चिकटवलेल्या.

"मी सोडायला नेला होता त्याला," ती म्हणाली. "लपवत नाही. खोक्यात घातला, गाडीत ठेवला आणि प्राण्यांच्या आश्रमात गेले. पण रविवार होता. बंद होतं."

"मग?"

"मग काय. परत कुठे नेणार? जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. पिसवा मारल्या, जंताचं औषध दिलं. तो म्हणाला, दर महिन्याला थेंब टाकायचे, नखं कापायची, बाहेर सोडायचं नाही, कच्चं मांस घालायचं नाही."

रविवारी तर ती दिवसभर माझ्याजवळ रुग्णालयात होती, भाचीने डबा आणला होता तो आम्ही दोघींनी खाल्ला. पण धावपळीत वारांचा घोळ होतो माणसाचा.

भाषण वाया गेलं.

१२ मार्च

सकाळी सोफ्याची राहिलेली बाजू शिवली. दुपारी सोफा नेला. मालक म्हणाला, "वा, नव्यासारखा. मांजराचं काय झालं?" मी म्हटलं, "सोफेवालीचं झालं."

२५ मार्च, बुधवार

आज तपासणी. गाठ वाटाण्याएवढी उरली आहे. आकडा खाली आला. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून मान हलवली, मग चष्मा काढून विचारलं, "मांजर गेलं का?"

"नाही. जाणार नाही," मी म्हटलं. "ताप आला तर त्याच दिवशी येईन, एक अंशसुद्धा खोटा लिहिणार नाही. तुम्ही सांगाल ती गोळी घेईन. पण माझ्या घरात कोण राहील ते मी ठरवणार."

"मी तुमच्या जागी असते तर ठेवलं नसतं."

"तुम्ही माझ्या जागी नाही."

वाटलं, आता तोडून बोलतील. त्यांनी पेन उघडलं. "ओरखडा पडला तर?"

"लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचा. आणि तुम्हाला फोन."

"जखम चाटू द्यायची नाही. अंथरुणात घ्यायचं नाही. पिसवांचे थेंब चुकवायचे नाहीत. थाळी तुम्ही साफ करायची नाही, हातमोजे घालूनसुद्धा नाही. ती कोण करतं?"

मी आठवू लागले. मी आल्यापासून ती थाळी रोज सकाळी साफच असते. मी दुकान उघडायच्या आधी.

"मी," ताई म्हणाली. शाळेत हजेरी द्यावी तसं म्हणाली. "नखंही मीच कापते. मला आवडत नाही तो. पण कापते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या जाड फाइलवर काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. 'घरी एक मांजर. राहील.'

२९ मार्च, रविवार

नखं कापायचा दिवस. ताईने मुकादमाला टॉवेलात गुंडाळलं, मांडीवर पालथं घातलं आणि एकेक पंजा बाहेर काढला. शिकाऊंशी बोलते त्याच आवाजात त्याच्याशी बोलते. "घाबरू नकोस. हळू. घाईचं काम नाही." शेवटच्या पंजाला तो निसटला आणि तिच्या मनगटावर लाल रेघ ओढून गेला.

"काही नाही, एवढंसं आहे," म्हणून तिने मनगट साडीला पुसलं.

मी तिचा हात धरला आणि तिला ओढत मोरीवर नेलं. नळ सोडला. हात पाण्याखाली धरून साबण लावला.

"सोड गं. मला काही होत नाही. माझे पहारेकरी गुंगीत नाहीत."

"तुलाही किडनी एकच आहे," मी म्हटलं. "हलू नकोस."

ती ओढून बघत होती. मी सोडला नाही. मग ती ओढायची थांबली. बराच वेळ पाणी सोडून ठेवलं, लागत होतं त्याहून जास्त वेळ.